सैन्यात कधीच नसलेले बापट ‘सेनापती’ झाले ते मुळशीच्या धरणामुळं

पुण्यात सेनापती बापट रस्ता आहे. तिथं ऑफिसं आहेत, मॉल आहे, कॉलेजं आहेत आणि संध्याकाळी हमखास ट्रॅफिक जाम आहे. लोक त्याला ‘एसबी रोड’ म्हणतात. मुंबईत दादर-लोअर परळच्या पट्ट्यातून जाणारा सेनापती बापट मार्ग आहे. त्याचंही तसंच. इतकी वर्षं तोंडात बसलेल्या या नावातले बापट नेमक्या कोणत्या सैन्याचे सेनापती होते, हा प्रश्न बहुतेकांना पडत नाही.

तर बापट कधीच कोणत्या सैन्यात नव्हते. त्यांचं नाव पांडुरंग महादेव बापट. शिक्षणासाठी परदेशात गेले ते इंजिनिअर व्हायला. आणि ही पदवी त्यांना मिळाली ती एका धरणाच्या विरोधात उभं राहिल्यामुळं. हातात ना तोफा होत्या ना घोडदळ. फौज म्हणाल तर मावळातले भातशेती करणारे शेतकरी आणि समोर होती टाटांची वीज कंपनी, तिच्या पाठीशी मुंबई सरकार.

ही लढाई ते हरले. पूर्ण हरले. धरण झालं, गावं बुडाली आणि त्या पाण्यावर चालणारं वीजकेंद्र सुरू झालं तेव्हा बापट तुरुंगात होते. तरीही नर्मदेपासून कोयनेपर्यंत धरणग्रस्तांचा विषय निघाला की गाडी फिरून मुळशीवर येतेच.

सुरुवातीपासून बघायचं तर बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० चा, नगर जिल्ह्यातल्या पारनेरचा. पारनेर म्हणजे दुष्काळी मुलूख. घरची परिस्थिती बेताची, पण पोरगा हुशार. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकला आणि पुढं शिष्यवृत्ती मिळवून १९०४ मध्ये थेट स्कॉटलंडला, एडिंबरोला गेला. तिथं मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायचं ठरलं होतं.

पण इंजिनिअरिंग राहिलं बाजूला. ब्रिटिश राजवटीनं हिंदुस्थानची काय अवस्था केलीय यावर त्यांनी तिथंच, इंग्रजांच्या देशात जाहीर भाषण ठोकलं आणि शिष्यवृत्ती गेली. मग लंडन, तिथलं इंडिया हाऊस, सावरकरांची ओळख. तिथून पॅरिस. पॅरिसला जाण्यामागचं काम साधं नव्हतं. रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्ब बनवायची विद्या शिकून यायची होती. बंगालचे हेमचंद्र दासही त्याच कामासाठी तिथं होते. १९०८ मध्ये बापट हिंदुस्थानात परतले ते बॉम्बची कृती सांगणारी पुस्तिका घेऊनच.

त्याच वर्षी अलीपूर बॉम्ब खटला उभा राहिला. त्यातला माफीचा साक्षीदार नरेंद्र गोस्वामी यानं बापटांचं नाव घेतलं आणि ते भूमिगत झाले. जवळपास चार वर्षं पोलीस मागावर होते. १९१२ मध्ये इंदूरला पकडले गेले, पण त्या प्रकरणात त्यांच्याविरुद्ध ठोस पुरावा मिळाला नाही, त्यामुळं सुटले.

यानंतर माणसानं एक वेगळंच काम हातात घेतलं. पारनेरमध्ये सकाळी उठून झाडू घ्यायचा आणि गावचे रस्ते झाडायचे. विलायतेतून आलेला ब्राह्मणाचा मुलगा गावाचा केर काढतोय, हे शंभर वर्षांपूर्वीच्या पारनेरला कसं वाटलं असेल याची कल्पना करा. लोकांनी नावं ठेवली, पण झाडू सुटला नाही. पुढं पुण्यात टिळकांच्या ‘मराठा’ या इंग्रजी पत्रात त्यांनी काम केलं. १९२० च्या ऑगस्टमध्ये टिळक गेले. गांधींच्या असहकाराचं वारं सुरू झालं. आणि नेमकं तेव्हाच पुण्याच्या पश्चिमेला मुळशी पेट्यात आग धुमसायला लागली होती.

इथं जरा थांबून मुळशीचा भूगोल समजून घ्यायला पाहिजे, कारण सगळं भांडण त्या भूगोलातूनच निघालं.

पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्याहून पश्चिमेला ताम्हिणीकडं निघालात की अवघ्या साठेक किलोमीटरमध्ये हाच आकडा ५,००० च्या वर जातो. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारं हे पाणी मुळा आणि निळा या नद्यांमधून पूर्वेकडं वाहायचं. मुळा पुण्यात येते, मुठेला मिळते, मग भीमा, मग कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. म्हणजे अरबी समुद्र डोंगरावरून जवळजवळ दिसतोय आणि नदी मात्र पाठ फिरवून अख्खा देश ओलांडायला निघालीय.

इंजिनिअरच्या डोळ्यांना इथं वेगळीच गोष्ट दिसते. नदीच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर सह्याद्रीचा कडा तुटतो आणि खाली सुमारे ५०० मीटरवर कोकण आहे. नदी अडवा, तिला उलटं वळवा, डोंगरातून बोगदा काढा आणि पाणी कोकणात सोडा. एवढ्या उंचीवरून पडणाऱ्या पाण्यावर वीज तयार होते आणि ती तारेवरून मुंबईला नेता येते. कल्पना म्हणून जबरदस्तच.

आणि मुंबईला त्या विजेची गरजही होती. शहरात कापडाच्या गिरण्या होत्या, त्या वाफेवर चालायच्या. वाफेला कोळसा लागायचा आणि कोळसा मुंबईच्या आसपास कुठंच नाही. तो बंगालमधून किंवा जहाजानं परदेशातून आणायचा. महाग तर पडायचाच, वर गिरण्यांच्या धुराड्यांनी शहर काळवंडून टाकलेलं. सह्याद्रीच्या पाण्यापासून वीज हे जमशेदजी टाटांचं स्वप्न होतं. ते त्यांच्या मृत्यूनंतर प्रत्यक्षात आलं. १९१० मध्ये टाटा हायड्रो कंपनी निघाली. लोणावळा, वळवण, शिरोटा ही धरणं झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला पोहोचली. त्यानंतर आंदर मावळात ठोकरवाडीचं धरण घेतलं. १९१९ मध्ये टाटा पॉवर कंपनी स्थापन झाली आणि तिचा प्रकल्प होता मुळशी.

आजच्या भाषेत बोलायचं तर ही स्वच्छ ऊर्जा होती. धूर नाही, राख नाही, कोळसा जाळायचा नाही आणि शिवाय देशी उद्योगपतीच्या पैशातून. स्वदेशीचा जप करणाऱ्या काळात याला विरोध करायला तोंड उघडणं सोपं नव्हतं. मुळशीची गोष्ट आजही अडचणीची वाटते ती यामुळंच. समोर खलनायक उभा करून मोकळं होता येत नाही.

पण त्या खोऱ्यात पन्नासहून जास्त गावं होती. दहा-अकरा हजार माणसं राहत होती. खोऱ्याच्या तळाला, नदीच्या काठाला भाताची खाचरं. मावळचा आंबेमोहोर इथलाच. वर उतारावर नाचणी, वरई, रानातला हिरडा आणि गुरांची चराई. पोट भरायचं ते तळाच्या भातावर, आणि धरणात पहिल्यांदा जातो तो तळच. उतारावरची माती चार पावसांत धुऊन निघते, तिथं माणूस वर्षभराचं धान्य पिकवू शकत नाही. त्यामुळं जमीन जाणार म्हणजे काही एकर जाणार असा हिशेब नव्हता. जगायची सगळी पद्धतच पाण्याखाली जाणार होती.

आता कायदा काय सांगत होता? १८९४ चा भूसंपादन कायदा सरकारला सार्वजनिक कामासाठी जमीन सक्तीनं घ्यायची मुभा द्यायचा आणि कंपनीसाठीही सरकार जमीन घेऊन देऊ शकत होतं. बदल्यात पैसे. जमिनीच्या बदल्यात जमीन नाही, गावाच्या बदल्यात गाव नाही. हाच कायदा २०१३ पर्यंत आपल्याकडं लागू होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

त्यातही एक मेख होती. मुळशीतल्या बऱ्याच जमिनी पुण्यातल्या सावकारांच्या आणि जमीनदारांच्या नावावर किंवा त्यांच्याकडं गहाण होत्या. कसणारा मावळा, कागद पुण्यात. नुकसानभरपाई मिळणार कागदावर नाव असलेल्याला. म्हणजे जो बुडणार होता त्याच्या हातात फारसं काही येणारच नव्हतं. ही गोष्ट पुढं लढ्याच्या मुळावर आली.

वाद पेटला तो साध्या गोष्टीवरून. रीतसर ताबा घेण्याआधीच कंपनीनं चाचणीसाठी शेतांमध्ये खड्डे खणायला सुरुवात केली. शेतकऱ्यांना ना विचारलं, ना सांगितलं. एका शेतकऱ्यानं हरकत घेतली तेव्हा गोऱ्या इंजिनिअरनं त्याच्यावर पिस्तूल रोखलं, अशी हकिकत तेव्हापासून सांगितली जाते. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले. पुण्यात सभा झाल्या. न. चिं. केळकरांसारखी केसरीच्या गटातली बडी मंडळी सुरुवातीला बाजूनं उभी राहिली. शंकरराव देव आले. आणि बापट आले.

१६ एप्रिल १९२१. रामनवमीचा दिवस. बाराशेच्या आसपास लोक धरणाच्या जागेवर गेले आणि बसले. बायाबापड्या, म्हातारे, पोरं. कुणी दगड मारला नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त उठले नाहीत. काम थांबलं. कामावरचे मजूरही हटले. पुढं कंपनीनं काही महिने काम बंद ठेवायचं मान्य केलं आणि मावळात आनंदाला उधाण आलं. शिवाजी महाराजांच्या मावळ्यांचे वंशज पुन्हा लढाईला उभे राहिले आणि जिंकले, अशीच भावना होती. बापटांना लोक ‘सेनापती’ म्हणायला लागले ते याच लढ्यात.

गांधींनीही ‘यंग इंडिया’मध्ये मुळशीच्या बाजूनं लिहिलं आणि टाटांना फेरविचार करायला सांगितलं. गांधी अजून देशातल्या शेतकऱ्यांचा एकेक लढा हातात घेत होते. चंपारण आणि खेडा होऊन गेले होते, बार्डोली व्हायची होती. मुळशी त्या रांगेत बसेल असं त्या उन्हाळ्यात वाटत होतं.

पण ती सुट्टी तात्पुरती होती. सरकारनं भूसंपादन रेटलं आणि १९२१ च्या डिसेंबरमध्ये काम पुन्हा सुरू झालं. यावेळी कंपनीसोबत पोलीसही होते. सत्याग्रही शेतात, खड्ड्यात, कामाच्या जागेवर जाऊन बसायचे. पोलीस उचलून न्यायचे, शिक्षा व्हायच्या. सुटले की पुन्हा येऊन बसायचे. यात बायकाही मागं नव्हत्या. बापटांनाही एकामागून एक शिक्षा झाल्या.

याच काळात पुण्यातल्या मंडळींचं मन बदललं. ज्यांच्या नावावर जमिनी होत्या त्यांना वाढीव भरपाई मिळायची शक्यता दिसू लागली. मग त्यांच्या बोलण्यात धरण नको हा मुद्दा मागं पडला आणि भाव किती हा मुद्दा पुढं आला. केळकरांसारखे नेतेही तडजोडीच्या भाषेत बोलू लागले. शहराला धरणाला विरोध करणं परवडत होतं तोवर शहर मावळ्यांसोबत होतं. नंतर नाही. मावळ्यांमध्येही थकवा आला. दोन वर्षं पेरणीकडं दुर्लक्ष, घरातली कर्ती माणसं तुरुंगात, आणि समोर भिंत रोज वाढताना दिसतेय. काहींनी पैसे घेतले. त्यांना दोष तरी कसा द्यायचा?

सत्याग्रह विझत चालला होता आणि बापटांना ते मान्य नव्हतं.

बापट आणि गांधी यांच्यातला फरकही इथंच उघडा पडला. बापट सत्याग्रही होते, पण पॅरिसहून बॉम्बची पुस्तिका घेऊन आलेला माणूस पूर्ण पुसला गेला नव्हता. सत्याग्रह म्हणजे आपल्याला जे खरं वाटतं त्यासाठी जीव पणाला लावणं, अशी त्यांची समजूत होती. अहिंसा त्यांना मोलाची वाटायची, पण ती पहिली अट नव्हती. अन्यायाच्या यंत्राला, रुळाला, मालमत्तेला हात लावणं त्यांना वर्ज्य वाटत नव्हतं. गांधींना हे पटणारं नव्हतं. बापटांची अहिंसेवर पूर्ण श्रद्धा नाही म्हटल्यावर त्यांचा मुळशीला असलेला पाठिंबा आटला. मुळशी राष्ट्रीय लढा झाला नाही, त्यामागं हे एक मोठं कारण आहे.

१९२४ च्या अखेरीस बापटांनी मोजके साथीदार घेतले आणि धरणाच्या कामावर जाणारी कंपनीची रेल्वे अडवली. यावेळी हातात शस्त्रं होती. झटापटीत काही जण जखमी झाले. बापट पळून गेले नाहीत. सात वर्षांची शिक्षा झाली.

या शेवटच्या कृतीचं कौतुक करायचं की नाही, यावर आजही दोन मतं होऊ शकतात. गाडीत टाटा बसलेले नव्हते. कामावरची साधी माणसं होती, आणि त्यांचं पोट त्याच धरणावर अवलंबून होतं. बापटांचा राग समजतो, पण निशाणा चुकला होता हेही म्हणायला पाहिजे. आणि त्यामुळं लढ्याला काही मिळालं असंही दिसत नाही. मावळे आधीच पांगले होते. सेनापती एकटा पडला होता.

बापट तुरुंगात असताना भिंत पूर्ण झाली. पाणी चढलं. खाचरं, घरं, देवळं, वहिवाटीचे रस्ते, सगळ्यावर तलाव पसरला. १९२७ मध्ये कोकणातल्या भिरा इथलं वीजकेंद्र सुरू झालं आणि पूर्वेला जाणारं मुळशीचं पाणी पश्चिमेला कोसळू लागलं. उठलेली माणसं कुठं गेली? काही तलावाच्या वरच्या उतारांवर सरकली, जिथं भात पिकत नाही. काही पुण्या-मुंबईकडं मजुरीला गेली. सरकारनं त्यांच्यासाठी गाव वसवलं नाही, कारण तसं वसवायला हवं असं कोणताच कायदा म्हणत नव्हता. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात आला १९७६ मध्ये. मुळशीनंतर अर्ध्या शतकानं. मधल्या काळात कोयनेसारखी धरणं होऊन गेली होती.

राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय आणि त्याच्या नावातच मुळशीला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलंय. यावर कुणी अमेरिकेतलं उदाहरण देईल. कॅलिफोर्नियात हेच हेची नावाचं सुंदर खोरं सॅन फ्रान्सिस्कोला पाणी देण्यासाठी बुडवायचं ठरलं, तेव्हा जॉन म्यूर आणि त्यांच्या निसर्गप्रेमी मंडळींनी मोठा विरोध केला होता. ते मुळशीच्या आधी, १९१३ पर्यंत चाललं. तेही हरले. पण तिथं लढणाऱ्यांना खोरं वाचवायचं होतं ते त्याच्या सौंदर्यासाठी. मुळशीत लढणारे त्याच खोऱ्यात राहत होते, तिथलंच भात खात होते. ‘पहिलं’ कोणतं यापेक्षा हा फरक जास्त महत्त्वाचा आहे.

त्यामुळं बापटांना आज ‘पर्यावरणवादी’ म्हणायची जी पद्धत पडलीय ती जरा जपून वापरलेली बरी. त्यांनी जंगल वाचवा, नदी वाहू द्या असं आंदोलन केलं नव्हतं. ते स्वतः यंत्रशास्त्र शिकायला गेले होते, विजेशी त्यांचं वैर नव्हतं. त्यांचा प्रश्न दुसराच होता. एका खोऱ्याचं पाणी आणि माती यांचं काय करायचं हे ठरवताना त्या खोऱ्यात राहणाऱ्याला विचारायचं की नाही? मुंबईची गरज खरी होती हे मान्य केलं तरी ती भागवण्यासाठी मुळशीनं उठून जायचं, हे कुणी ठरवलं? निसर्गाचा आणि माणसाचा झगडा असं आपण सहज म्हणतो. मुळशीत तो एका जागच्या माणसांचा आणि दुसऱ्या जागच्या माणसांचा होता, मधे नदी होती.

१९३१ मध्ये बापट सुटले. पन्नाशी उलटली होती. बाहेर आल्यावर महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचं अध्यक्षपद त्यांच्याकडं आलं, पण फार काळ नाही. एका भाषणावरून पुन्हा खटला, पुन्हा लांबलचक शिक्षा. १९३७ मध्ये सुटका. सुभाषचंद्र बोस काँग्रेसमधून बाजूला झाले तेव्हा बापट त्यांच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये गेले. मधे मधे कविता लिहायचे. अरविंद घोषांच्या ‘लाइफ डिव्हाइन’ या अवघड ग्रंथाचा मराठी अनुवादही त्यांनी केला. अलीपूर खटल्यातले एक मुख्य आरोपी अरविंदच होते. दोघंही बॉम्बच्या रस्त्यानं निघालेले. एक पाँडिचेरीत योगी झाला, दुसरा आयुष्यभर तुरुंग आणि मोर्चा यांच्यात फिरत राहिला.

१५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा फडकवायचा मान बापटांना मिळाला. एवढ्यावर कुणीही थांबलं असतं. हे थांबले नाहीत. १८ मे १९५५ ला गोवा मुक्तीसाठी सत्याग्रहींची पहिली तुकडी पोर्तुगीज हद्दीत घुसली. तिच्या पुढं नानासाहेब गोरे आणि सोबत सेनापती बापट. वय चौऱ्याहत्तर. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबईत विधानसभेवर मोर्चा गेला, त्यातही ते होतेच. २८ नोव्हेंबर १९६७ ला त्यांचं निधन झालं.

मग रस्त्यांना नाव देण्यात आलं. मुंबईत त्यासाठी जो रस्ता निवडला तो गिरणगावातून जातो. लोअर परळची फिनिक्स मिल याच सेनापती बापट मार्गावर होती. ज्या गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी मुळशी बुडवली, त्याच गिरण्यांच्या दारातून बापटांच्या नावाची पाटी गेलीय. हे कुणी मुद्दाम केलं असेल असं वाटत नाही. आता फिनिक्समध्ये मॉल आहे.

मुळशीत काय चाललंय? पुण्याची मंडळी शनिवार-रविवारी तलावाकाठच्या रिसॉर्टवर जातात. पावसाळ्यात ताम्हिणीला गाड्यांची रांग लागते. तालुक्यातल्या जमिनींचे भाव वाढले, शेतकऱ्यांनी त्या विकल्या आणि पैसा संपल्यावर पुढच्या पिढीचं काय झालं, यावर २०१८ मध्ये ‘मुळशी पॅटर्न’ हा सिनेमा येऊन गेला. त्यात धरण नाही, पण जमीन हातातून गेल्यावर माणसाचं काय होतं हा विषय तोच आहे.

पाण्याचं भांडणही मिटलेलं नाही, फक्त बाजू बदलल्यात. पुणे आणि पिंपरी-चिंचवड एवढं वाढलं की पाणी पुरेना. सोलापूरकडं दर काही वर्षांनी दुष्काळ. मग मागणी होते की मुळशीसह टाटांच्या धरणांचं पाणी मुळातलं भीमेच्या खोऱ्यातलं आहे, ते कोकणात न सोडता पूर्वेला, त्याच्या जुन्या वाटेनं सोडा. उन्हाळा कडक झाला की ही मागणी बातम्यांमध्ये येते. एकेकाळी शहराच्या विजेसाठी वळवलेलं पाणी आता दुसऱ्या शहराला प्यायला हवंय. या चर्चेत शहरं बोलतात, दुष्काळी तालुके बोलतात, कंपनीचं म्हणणं येतं. तलावाच्या वरच्या उतारावर राहणाऱ्यांचा नंबर शेवटी लागतो.

तोवर भिऱ्याची यंत्रं फिरतायत. तिथून सुटलेलं पाणी कुंडलिका नदीत उतरतं आणि पुढं रेवदंड्याजवळ अरबी समुद्राला मिळतं. याच कुंडलिकेवर कोलाडला राफ्टिंग चालतं. पुण्या-मुंबईहून आलेली पोरं सकाळी लाइफ जॅकेट घालून काठावर उभी राहतात आणि वरून पाणी सुटायची वाट बघतात. ते आलं की नदीला वेग येतो आणि राफ्ट निघतात.